उतारवयातील स्मृती आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, घरातील वडीलधारी मंडळी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागली किंवा आयुष्यभर चोख ठेवलेल्या हिशेबात चुकू लागली, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. वय झाले की असे व्हायचेच, असे म्हणून विषय संपविला जातो. वैद्यकशास्त्राने मात्र गेल्या काही दशकांत या समजुतीला छेद दिला आहे. एखादे नाव चटकन न आठवणे किंवा नवी गोष्ट शिकण्यास अधिक वेळ लागणे, हे वयोमानाचे परिणाम आहेत. रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येऊ नयेत इतकी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळणे हा मात्र आजार आहे. त्यालाच स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात.

स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी बरीचशी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतात. विशेष म्हणजे हे नुकसान सत्तरीत दिसत असले, तरी त्याची सुरुवात चाळिशी-पन्नाशीत झालेली असते. त्यामुळे हा विषय केवळ ज्येष्ठ नागरिकांचा नाही. आज नोकरी-व्यवसायात गुंतलेल्या आणि रक्तदाब तपासण्यास सवड नसलेल्या पिढीचा तो अधिक आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा

मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या अवघे दोन टक्के असते. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ ते २० टक्के रक्त आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. स्नायू किंवा यकृताप्रमाणे ऊर्जेचा मोठा साठा त्याच्यापाशी नसतो. रक्तपुरवठा काही सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात.

हे रक्त मानेतील चार धमन्यांतून वर जाते. दोन धमन्या मानेच्या पुढील बाजूने, तर दोन मणक्यांच्या आधाराने मेंदूकडे जातात. कवटीच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक वलय तयार होते. तेथून निघालेल्या शाखांना अतिशय बारीक फाटे फुटतात आणि ते मेंदूच्या अंतर्भागात शिरतात. या अंतर्भागात मेंदूच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंचे जाळे असते. दूरध्वनीच्या तारांप्रमाणे हे तंतू एका केंद्राचा संदेश दुसऱ्याकडे पोहोचवितात. तेथे जाणाऱ्या सूक्ष्म धमन्यांना पर्यायी मार्ग नसतो. एखादी धमनी बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेला भाग कायमचा निकामी होतो.

निसर्गाने या नाजूक वाहिन्यांच्या रक्षणाची व्यवस्था केली आहे. हृदयातून निघणारी मुख्य धमनी तरुणपणी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याचा धक्का ती स्वतः सोसते आणि पुढे संथ प्रवाह पाठविते. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि वाढते वय यांमुळे ही धमनी ताठर होते. मग ठोक्याचा धक्का थेट मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोहोचू लागतो. वर्षानुवर्षे हा मारा सहन करताना त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतील मार्ग अरुंद होतो. काही वाहिन्या बंद पडतात, तर काही पाझरू लागतात. एमआरआय तपासणीत अशा ठिकाणी पांढरे डाग किंवा छोटे खळगे दिसतात. त्या व्यक्तीला पक्षाघाताचा झटका कधीच आलेला नसतो. हात-पाय, वाचा सारे ठीक असते. संदेशवहनाच्या तारा मात्र एकेक करून तुटत असतात.

दोन आजार, एकच मेंदू

वृद्धांच्या बुद्धिऱ्हासाचा रक्तवाहिन्यांशी संबंध असावा, ही कल्पना नवी नाही. ओटो बिन्सवांगर या वैद्यकतज्ज्ञांनी १८९४ मध्ये मेंदूच्या अंतर्भागाच्या अशा ऱ्हासाचे वर्णन केले होते. पुढे १९०६ मध्ये जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूत आढळलेले प्रथिनांचे साके आणि पेशींतील गुंतागुंतीचे तंतू यांची माहिती मांडली. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार आज स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. कॅनडातील डॉ. व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान-मोठ्या अनेक पक्षाघातांच्या एकत्रित परिणामातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे लक्ष वेधले.

बराच काळ हे दोन आजार एकमेकांपासून अलग मानले गेले. अमेरिकेतील जोगिणींच्या एका अभ्यासाने या विभागणीला धक्का दिला. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या ख्रिस्ती संघातील ६७८ जोगिणी डॉ. डेव्हिड स्नोडन यांच्या अभ्यासात सहभागी झाल्या होत्या. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी देण्यास आणि मृत्यूनंतर मेंदू तपासणीसाठी देण्यास त्यांनी संमती दिली होती. त्यांपैकी १०२ जणींच्या मेंदूंची तपासणी झाल्यावर १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, त्या सर्वच जणींना हयातीत स्मृतिभ्रंश झाला होता असे नव्हे. परंतु त्या खुणांच्या जोडीला मेंदूच्या अंतर्भागात एक-दोन छोटे पक्षाघात झालेले असतील, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता अनेक पटींनी वाढलेली दिसली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अल्झायमरचा भार मेंदू काही काळ पेलू शकतो. त्यावर रक्तवाहिन्यांच्या आजाराची भर पडली, की तोल जातो. उतारवयातील बहुतेक रुग्णांत हे दोन्ही दोष कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात. अल्झायमरला मुळापासून रोखण्याचा उपाय आजही हाती नाही. रक्तवाहिन्यांचे नुकसान मात्र मोठ्या प्रमाणात टाळता येते. म्हणूनच तेथे लक्ष देणे सर्वाधिक फलदायी ठरते.

फ्रॅमिंगहॅमचा धडा

अमेरिकेतील बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून हृदयविकाराचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध सिद्ध करण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. सत्तरच्या दशकात याच मंडळींच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेण्यात आल्या.

प्रथम संशोधकांनी चाचणीच्या वेळचा रक्तदाब आणि चाचणीतील गुण यांची तुलना केली, तेव्हा विशेष संबंध आढळला नाही. मग सुमारे १२ ते १५ वर्षांपूर्वीच्या नोंदी काढून पाहिल्या असता चित्र पालटले. ज्यांचा रक्तदाब तेव्हा अधिक होता आणि ज्यांनी त्यावर उपचार घेतले नव्हते, त्यांची कामगिरी नंतरच्या चाचणीत उणी ठरली. हा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात सत्तर वर्षांच्या नागरिकांचा १५ वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने १९९६ मध्ये या कोड्याचा उलगडा केला. ज्यांना पुढे ऐंशीच्या आसपास स्मृतिभ्रंश झाला, त्यांचा रक्तदाब सत्तरीत अधिक होता. आजार प्रकट होण्याच्या आधीच्या वर्षांत मात्र तो खाली येत गेला होता. म्हणजे स्मृती हरपलेल्या रुग्णाचा आजचा रक्तदाब सामान्य असला, तरी पूर्वीचा दोष धुऊन निघत नाही.

फ्रॅमिंगहॅमची सर्वांत आशादायक नोंद २०१६ मध्ये पुढे आली. साठीच्या पुढील व्यक्तीला पाच वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दर शंभरांत ३.६ होते. तीन दशकांत ते २.० वर आले. आजार सुरू होण्याचे सरासरी वयही सुमारे ८० वरून ८५ पर्यंत पुढे सरकले. याच काळात गावकऱ्यांचा रक्तदाब अधिक चांगला आटोक्यात आला होता आणि धूम्रपान घटले होते. या सुधारणेमुळे सर्व घट स्पष्ट होत नाही, हे संशोधकांनी प्रांजळपणे मान्य केले. शिवाय ही घट किमान शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांतच दिसली. तरीही एका पिढीच्या अंतराने तेच गाव या आजारापासून अधिक सुरक्षित झाले, ही वस्तुस्थिती ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीला खोटे पाडण्यास पुरेशी आहे.

उपचारांनी फरक पडतो का?

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. त्यामुळे रक्तदाब कमी केल्यास स्मृती खरोखर टिकते का, याची प्रत्यक्ष चाचणी आवश्यक होती. युरोपातील ‘सिस्ट-यूर’ या १९९८ च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ११ आणि न घेणाऱ्यांपैकी २१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. फरक लक्षणीय असला, तरी संख्या लहान होती. ऐंशीच्या पुढील रुग्णांवर झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत २००८ मध्ये असा ठोस लाभ दिसला नाही.

अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशीपुढील ९,३६१ व्यक्तींचा समावेश होता. एका गटाचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली, तर दुसऱ्याचा १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. स्मृतीविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. दुसऱ्या गटात स्मृतिभ्रंशापूर्वीच्या सौम्य बुद्धिऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्णायक ठरण्याइतकी नव्हती.

ही उणीव चीनमधील एका मोठ्या प्रयोगाने भरून काढली. तेथील ३२६ खेड्यांतील चाळिशीपुढच्या ३३,९९५ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर हा प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी ठरवून दिलेल्या पद्धतीने औषधे दिली आणि नियमित पाठपुरावा केला. चार वर्षांनंतर त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे कोणतेही नवे महागडे औषध नव्हते. नेहमीच्याच गोळ्या सातत्याने घेतल्या जातील, एवढी दक्षता होती.

रक्तदाबाखेरीज अन्य कारणे

मधुमेह : वाढलेल्या साखरेमुळे लहान-मोठ्या सर्वच रक्तवाहिन्यांचे नुकसान होते. मात्र वृद्धांमध्ये साखर अतिशय कडकपणे खाली आणण्याचा हट्टही घातक ठरू शकतो. साखर एकाएकी घसरल्याने मेंदूला इजा पोहोचते.

हृदयाची अनियमित गती : ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत. तेथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या मेंदूकडे जातात. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींनुसार या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. नाडी अनियमित लागत असल्यास ईसीजी काढून घ्यावा.

कोलेस्टेरॉल : ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत मध्यमवयातील वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचा प्रथमच समावेश झाला. ही सर्व कारणे दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान आणि व्यायामाचा अभाव ही रक्तवाहिन्यांशी निगडित कारणे याच यादीत आहेत. उरलेल्यांत बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण यांचाही समावेश होतो.

तंबाखू : सिगारेट-विडीच नव्हे, तर चघळण्याची तंबाखूही रक्तवाहिन्यांना अपायकारक आहे. मिश्री लावण्याची सवय आपल्याकडे व्यसनात गणली जात नाही, पण तीही तंबाखूच होय.

लक्षणे कशी ओळखावीत?

अल्झायमरमध्ये बहुधा प्रथम नुकत्याच घडलेल्या गोष्टींचा विसर पडतो. रक्तवाहिन्यांच्या दोषात आरंभी स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते. विचारांची गती मात्र मंदावते. उत्तर येते, पण उशिरा. प्रवासाची आखणी, बँकेचे व्यवहार, स्वयंपाकाचा क्रम यांसारखी अनेक टप्प्यांची कामे जमेनाशी होतात. पावले आखूड पडतात आणि तोल जातो. लघवीची घाई होते, उत्साह मावळतो, क्षुल्लक कारणाने रडू येते. कित्येकदा अवस्था काही महिने स्थिर राहते आणि एखाद्या छोट्या झटक्यानंतर एकदम खालावते.

घरच्यांना हा आळस किंवा हेकेखोरपणा वाटतो आणि त्यातून बोलाचाली होते. ज्येष्ठ व्यक्ती मुद्दाम तसे वागत नसते, हे ध्यानात घेणे फार आवश्यक आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जाताना बदल केव्हापासून आणि कशात जाणवला, याची नोंद सोबत न्यावी. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम किंवा डोक्याला मार लागून साचलेले रक्त यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची तपासणी अवश्य व्हावी.

चेहरा वाकडा होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे अचानक दिसल्यास थांबू नये. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली, तरी तो पुढील झटक्याचा इशारा समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कशाचा उपयोग होत नाही?

स्मरणशक्ती वाढविण्याच्या नावाखाली बाजारात अनेक गोळ्या आणि चूर्णे मिळतात. त्यांपैकी जगभर खपणाऱ्या ‘गिंको’ या वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर चाचणी झाली. स्मृतिभ्रंश रोखण्यास तो उपयोगी नाही, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून स्वतःच्या मनाने रोज अॅस्पिरिन घेण्याची प्रथाही सोडावी. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवरील चाचणीत तिचा स्मृतिभ्रंश टाळण्यास उपयोग झाला नाही, उलट रक्तस्रावाचे प्रमाण वाढले, असे २०१८ मध्ये आढळले. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांनी सुरू केलेले अॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

काय करावे?

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे झालेल्या ‘फिंगर’ चाचणीत आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख या चारही गोष्टी एकत्र योजल्या होत्या. केवळ सामान्य सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक सुधारल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. याचा अर्थ साठीनंतरही वेळ गेलेली नसते.

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा अधिक नसावे. पापड, लोणचे, फरसाण आणि वेफर्स यांतील मीठ या हिशेबात धरावे. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी किंवा तंबाखू घेऊ नये. एकाच मोजणीवर विसंबू नये.

वृद्ध आणि अशक्त व्यक्तींत रक्तदाब घाईने फार खाली आणणेही योग्य नाही. उभे राहताच चक्कर येत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगून औषधांची मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आहे. साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे दोन आकडे एकत्र वाचले, तर पुढील वीस वर्षांचे चित्र कळते. महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ पासून सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने सरकारी आरोग्य केंद्रांतही ठरावीक औषधे आणि पाठपुरावा यांच्या आधारे हे काम करता येते, हे दाखविले आहे.

शहरातील सुशिक्षित घरांत औषधे परवडत नाहीत, अशी अडचण सहसा नसते. अडचण असते ती ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करण्याची. उच्च रक्तदाबात बहुधा काहीच वाटत नाही आणि गोळीने आकडा सामान्य आला, म्हणजे आजार गेला असे नाही. पन्नाशीत रोज न चुकता घेतलेली ती गोळी हृदयाचे रक्षण करतेच. नातवंडांची नावे, घरचा पत्ता आणि आयुष्यभराच्या आठवणी सत्तरीनंतरही आपल्याजवळ राहाव्यात, यासाठीही ती घेणे अगत्याचे आहे.